गॅलनखालचा कागद

३ मार्च, मंगळवार

बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मापांत खोट काढण्यात गेली. आज पहिल्यांदाच कुणीतरी येऊन म्हणालं की बाई, आम्हाला मापं करून द्या.

जुन्या ग्रंथालयाचा संग्रहपाल आला होता. तीन जिने चढून बिचाऱ्याला धाप लागली होती, म्हणून आधी पाणी दिलं. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर ते एक दालन उघडताहेत, प्राचीन हिब्रू लोकांच्या रोजच्या जगण्याबद्दल. त्यात धान्याची मापं मांडायची आहेत. "पण बाई, पाटीवर 'एक एफा जव' लिहिलं तर बघणाऱ्याला काय कळणार? आपल्याकडच्या जुन्या माणसांना अजून गॅलन आणि बुशेलच कळतं. तेव्हा एक कोष्टक हवं, आणि त्याखाली खरीखुरी तीन मापं, पत्र्याची. लहान, मधलं, मोठं."

"त्या काळी पत्रा नव्हता," मी म्हटलं.

"नव्हता. पण मडकं मुलांच्या हातात टिकत नाही."

हे पटलं. मग तो म्हणाला, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार. हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय हे कळत होतं, तरी चढले. उद्घाटन चार एप्रिलला आहे.

अडचण एकच. हाताने, जोड न दिसेल असं माप करणारा या गावात एकच पत्रेवाला उरलाय आणि तो माझा धाकटा भाऊ आहे. आमचं एकोणीस वर्षं बोलणं नाही. संग्रहपालाला मी "बघते" एवढंच म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

कोष्टक करायला बसले. ही मंडळी हिशोबाला चोख होती, पण नावं ठेवताना डोकं गहाण टाकलं होतं. ओमर म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं धान्य, आणि होमर म्हणजे त्याच्या शंभरपट. एका अक्षराच्या चुकीत घरात गाढवभर धान्य येऊन पडेल.

सगळ्यात लहान लॉग. चार लॉगचा एक कॅब, सहा कॅबचा एक सिआ, तीन सिआंचा एक एफा. एफाचा दहावा भाग म्हणजे ओमर. एफा नक्की केवढा यावर पंडितांचं एकमत नाही. कुणी बावीस लिटर म्हणतं, कुणी थेट छत्तीसपर्यंत जातं. संग्रहपालाने बावीस धरायला सांगितलंय, आणि कोष्टकाखाली तसं स्पष्ट लिहायचं ठरलंय. त्या हिशोबाने एफा म्हणजे चार गॅलन आणि पावणेसात पिंट. सिआ म्हणजे एक गॅलन आणि जवळजवळ पाच पिंट. ओमर म्हणजे चार पिंटांना अगदी थोडं कमी. होमर सहा बुशेलांच्या घरात जातो. आठ पिंटांचा गॅलन आणि आठ गॅलनांचा बुशेल, हे मला झोपेतही येतं.

कपाटातून माझा पितळी गॅलन काढला. वजनमापांच्या कचेरीतला हा तपासणीचा गॅलन. लिटर आल्यावर जुनी मापं भंगारात निघाली, तेव्हा साहेबांनी आठवण म्हणून मला दिला. टेबलावर ठेवला तर डुगडुगतोय. या घरातलं एकही टेबल सरळ नाही. नेहमीचा घडी घातलेला कागद खाली सरकवला तेव्हा कुठे स्थिर झाला.

९ मार्च, सोमवार

भावजयीला फोन केला. ती माझ्याशी बोलते, पण दबकत, जणू फोनलाही कान आहेत. काम सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुम्हीच एकदा त्यांच्याशी बोला ना." मी म्हटलं, कामाचं कागदावर लिहून देते, व्यास आणि उंची इंचांत. बोलायचं काय त्यात.

लिहून ठेवते, वहीपासून काय लपवायचं. नोकरीत असताना नवं वर्ष सुरू झालं की तपासणी मी घरापासून सुरू करायचे, म्हणजे कुणी म्हणायला नको की बाई भावाकडे काणाडोळा करते. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने धान्यबाजारासाठी बारा गॅलन केले होते. मोहरी भरून तपासले. बाराच्या बारा कमी, प्रत्येकात पाव पिंट. एकही जास्त नाही, एकही बरोबर नाही. मी नापासाचे कागद भरले. नियम असा की खोटं माप मालकाने चारचौघांत स्वतःच्या हाताने ठेचायचं. बाजाराच्या मधोमध तो ठेचत होता आणि मी शेजारी वही घेऊन उभी होते. त्याने एकदाही वर बघितलं नाही.

त्यानंतर त्याने माप म्हणून काही केलं नाही. नरसाळी, बादल्या, धुराड्याचे नळ. बाजारात त्याला काही वर्षं 'पावकमी' म्हणायचे. ते माझ्या कानावर यायचं आणि मी घास गिळून टाकायचे. पण नियम तो नियम. आणि तसंही पंधरवड्यात लिटर आले, ती मापं भंगारातच जायची होती.

१४ मार्च, शनिवार

ओमर आला. भावजयीने वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिला. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही.

काम बघून हेवा वाटला. जोड बोटालाही लागत नाही. काठ मात्र उगाच आत वळवून गोल केलाय. एवढा वेळ कुणी घालवतं? लहानपणी पत्र्याच्या पेल्याने माझा ओठ कापला होता, तेव्हापासून वडील घरातल्या प्रत्येक पेल्याचा काठ असा वळवायचे. ती सवय याच्या हातात राहिलेली दिसते.

मग तपासला. मोहरी भरायची, वरून पट्टी फिरवून सपाट करायची, गॅलनमध्ये ओतायची. दोन ओमर ओतले की गॅलनमध्ये पाव पिंट जागा रिकामी राहायला हवी. राहिली अर्धा पिंट. तीनदा केलं.

पुन्हा पाव पिंट कमी. एकोणीस वर्षांनी तेच. जेवले नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग येईना, नुसतं वाईट वाटत होतं. भावजयीला फोन करून "मिळालं, आता पुढचं करायला सांग" एवढंच सांगितलं. पाव पिंटाबद्दल बोलायला तोंड उघडेना.

१७ मार्च, मंगळवार

सुताराला बोलावलं होतं, टेबलाचा पाय बघायला. त्याने चारी बाजूंनी पाणसळ लावली आणि मला वाकायला लावून बुडबुडा दाखवला. "बाई, टेबल सरळ आहे."

"मग माझं माप डुगडुगतं कसं?"

"ते मापाला विचारा."

आगाऊ माणूस. चहा दिला आणि पाठवला. हल्ली कुणाला कामच करायचं नसतं.

दुपारी सिआ आला. ओमरच्या तिप्पट-चौपट मोठा, कडी लावलेला, देखणा. भरून गॅलनमध्ये रिकामा केला. गॅलन भरल्यावर मागे जवळजवळ पाच पिंट उरायला हवे होते. पाव पिंट कमी उरले.

माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं. दोन ओमर मिळून पाव पिंट कमी. त्यांच्या दीडपटीहून मोठ्या सिआतही पावच. माणूस लबाडी करतो तर मोठ्यात मोठी करेल. हात चुकत असेल तर कधी कमी, कधी जास्त होईल. चोरी इतकी शिस्तीची नसते. आणि तेव्हा बारांत बाराही सारखीच कमी होती.

मोहरी खाली सांडली होती, ती वेचत बसले.

१९ मार्च, गुरुवार

संग्रहपालाला कोष्टक दाखवायला गेले. तो म्हणाला की त्यांच्या पंडितांनी लॉग अंड्यांत मोजलाय. सहा अंड्यांची जागा म्हणजे एक लॉग. मी हिशोब केला, ओमरमध्ये त्रेचाळीस अंडी आणि एक पंचमांश. हा एक पंचमांश कोंबडीने कुठून आणायचा ते पंडितांनी लिहिलेलं नाही.

येताना चार डझन अंडी घेतली. दुकानदार म्हणाला, "पाहुणे येताहेत वाटतं." मी म्हटलं, हो, तीन हजार वर्षांपूर्वीचे. त्याने अंडी आणखी जपून बांधून दिली.

मोठं पातेलं परातीत ठेवून काठोकाठ पाण्याने भरलं आणि एकेक करून त्रेचाळीस अंडी आत सोडली. बाहेर सांडलेलं पाणी ओमरमध्ये ओतलं. ओमर भरला. काठापर्यंत, जरा फुगून, सांडता सांडता राहिला.

अंडं म्हणजे पुरावा नव्हे. कोंबडी काही परवानाधारक नाही. दुकानातली अंडी आज एवढी, उद्या तेवढी. पण माझ्या गॅलनच्या मते हा ओमर कमी आहे आणि अंड्यांच्या मते भरलेला आहे. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय. आजवर माझ्या मनात आलं नव्हतं की पितळही बोलू शकतं.

उरलेली पाच अंडी उकडून खाल्ली. त्रेचाळीसचं काय करायचं देव जाणे.

२२ मार्च, रविवार

खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याकडून त्याचा तराजू मागून आणला, पौंडांची वजनंही. गॅलनची व्याख्याच पाण्याच्या वजनावर आहे. एक गॅलन पाणी, दहा पौंड. ना मोहरी, ना अंडी, ना कुणाची सही.

रिकामा गॅलन तोलला, भरला, काच सरकवून पाणी सपाट केलं, पुन्हा तोलला.

दहा पौंड पाच औंस.

पाच औंस म्हणजे पाव पिंट.

गॅलन रिकामा करून पालथा घातला आणि बुडावर पट्टी उभी धरली. दोन्ही कडांना उजेड दिसतो, मध्ये नाही. बूड बाहेर आलंय, बशीसारखं. टेबलं सरळ होती. सगळीच्या सगळी सरळ होती.

आठवलं. त्या वर्षीचा जानेवारी. कचेरीच्या मागच्या खोलीत मी गॅलन धुवायला पाणी भरून ठेवला आणि तसाच विसरले. रात्रीत गोठलं. सकाळी गरम पाणी ओतून बर्फाचा गोळा बाहेर काढला आणि शिपायाला कौतुकाने म्हणाले होते, बघ, पितळ आहे, तडा गेला नाही. वर्षाच्या सुरुवातीला तपासणीची मापं मुख्य कचेरीतून ताडून आणायची असतात. त्या वर्षी रस्ते बंद होते. मी लिहिलं, "मागील वर्षीप्रमाणे." मग पहिली तपासणी घरापासून. आणि त्याच्या बारा मापांनंतर त्या गॅलनने दुसऱ्या कुणाचं काही तपासायच्या आत लिटर येऊन पोचले. सगळ्या बाजारात त्या मापाने एकच माणूस मोजला गेला.

तराजू औषधवाल्याला परत देऊन आले.

२३ मार्च, सोमवार

काही लिहिण्यासारखं नाही.

२६ मार्च, गुरुवार

हे फक्त मला माहीत आहे. कोष्टक बरोबर आहे, भावाची मापं बरोबर आहेत, उद्घाटन होईल, संग्रहपाल खूश, मी खूश. गॅलन भंगारवाल्याला दिला की संपलं. कुणी विचारणारही नाही. दोन दिवस हाच विचार करतेय, लाज वाटते लिहायला. बत्तीस वर्षांत किती दुकानदार माझ्यासमोर म्हणाले असतील, बाई, एवढ्याने काय होतंय. आता ती चव कशी असते ते कळलं.

२८ मार्च, शनिवार

गेले. गॅलन पिशवीत, पिशवी छातीशी धरून.

भावाचं दुकान तसंच आहे. खिळ्यांना टांगलेल्या कात्र्या, लाकडी मोगरी, कथलाचा वास. तो एफाच्या बुडाला डाग देत होता. केस सगळे पांढरे झालेत, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. मला बघून त्याने डागणी खाली ठेवली. "ताई," एवढंच म्हणाला.

मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले. गॅलन काढून त्याच्या सपाट लोखंडी पाट्यावर ठेवला. तो डुगडुगला. टक टक असा आवाज आला.

त्याने बघितलं आणि म्हणाला, "कागद विसरलीस वाटतं."

"कुठला कागद?"

"खालचा."

त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"त्या दिवशी तू माप मांडलंस ना, ते डुगडुगलं," तो म्हणाला. "तू नापासाच्या वहीतला एक कोरा कागद फाडलास, घडी घातलीस आणि खाली सरकवलीस. अजून मोहरीचा एक दाणा ओतला नव्हतास. माझ्या लक्षात आलं, याचं बूड गेलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

हो म्हणायला तोंड उघडलं. मग तोंड मिटलं. त्याच्याशी आता आणखी एक खोटं बोलायचं नव्हतं.

"पुढे बोलता आलं असतं," तो डागणीकडे बघत म्हणाला. "पण मग राग सोडावा लागला असता. आणि तुझ्यावर रागावून राहणं सोपं होतं, तू मदतच करायचीस."

भावजय मधल्या दारात उभी होती, पदराने डोळे टिपत. तो तिला म्हणाला, "रडतेस काय, ते वरच्या फळीवरचं आण." तिने धूळ झटकून एक पत्र्याचा गॅलन आणला. गोल वळवलेला काठ.

"हा काय?"

"बारावा."

"बारा ठेचले होते. मी लिहिलंय, बारा नग नष्ट."

"अकरा ठेचले. तू मोजलं नाहीस."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या अहवालात चूक निघाली ती अशी. मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले, दोन्ही एकदम. त्याने तराजू काढला. आम्ही बारावा गॅलन पाण्याने भरला, तोलला. पाण्याचे बरोबर दहा पौंड. काटा मधे उभा राहिला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

मी म्हटलं, "माझं माप मी ठेचणार. बाजारात, सगळ्यांसमोर. नियम आहे."

"ठेचायचं नाही," तो म्हणाला. "ते दालनात ठेव. लोकांना डुगडुगताना बघू दे." मग एफा माझ्याकडे सरकवून म्हणाला, "आता काठ वळवायच्या आधी याची उंची सांग. तुझा सात मला एकासारखा दिसतो, लहानपणापासून."

४ एप्रिल, शनिवार

दालन उघडलं. ओमर, सिआ, एफा ओळीने उभे, वर माझं कोष्टक. एफा पाण्याने तोलून घेतला होता, बारीकसाही फरक नाही. मुलं ओमरमध्ये हात घालून बघत होती. एक लहान मुलगी आईला म्हणाली, "एवढं एकट्याला?" आईने सांगितलं, दिवसभराचं आहे ते. माझी त्रेचाळीस अंडी गेले दोन आठवडे सगळ्या इमारतीने खाल्ली, हे मी संग्रहपालाला सांगितलं तर तो म्हणाला, पाटीवर घालू का.

शेवटी दोन गॅलन, माझा पितळी आणि त्याचा बारावा, शेजारी शेजारी. धान्यबाजारातली जुनी माणसं मी स्वतः घरोघर जाऊन बोलावली होती. अडते, हमाल, 'पावकमी' हे नाव पाडणारा तो तेलवालाही. सगळ्यांसमोर मी माझा गॅलन टेबलावर ठेवून डुगडुगवून दाखवला आणि काय झालं ते सांगितलं. जानेवारी, बर्फ, "मागील वर्षीप्रमाणे." तेलवाला टोपी काढून हातात फिरवत राहिला, मग भावाजवळ गेला आणि काहीतरी पुटपुटला. भाऊ म्हणाला, "असू दे आता."

मग पर्समधून गॅलनखालचा तो कागद काढला. इतकी वर्षं मी त्याला नुसता कागद समजत होते. घडी उलगडली तर आत छापलेलं, 'नापास माप', आणि सगळे रकाने कोरे. घडीवर थोडा फाटलाय. तिथेच उभ्याने भरला. मापाचा प्रकार, गॅलन, पितळी. दोष, पाव पिंट जास्त. मालक, मी. मालकाची सही केली. कागद त्याच्यापुढे धरला, "साक्षीदार हवा."

त्याने चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, माझ्याहून सावकाश, एकेक रकाना. पेन घेतलं, सही केली, आणि मग बोट ठेवून म्हणाला, "तारीख राहिली."

मी पेन हातात धरून थांबले. एकोणीस वर्षांपूर्वीची ती तारीख मला पाठ आहे. "कुठली टाकू?"

"आजची टाक," तो म्हणाला.